लॉटरी, शर्यती, पत्ते आणि ऑनलाइन खेळ : जिंकलेल्या आणि हरलेल्या पैशांवरील प्राप्तिकराबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील करदाते विवरणपत्राच्या हंगामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. हौसेपोटी लॉटरीचे तिकीट घेणारे, पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर अधूनमधून जाणारे, सोसायटीत हाउजी खेळणारे आणि मोबाइलवर पैसे लावून खेळलेले अशा वाचकांसाठी ही उत्तरे आहेत. उत्तरांत दिलेले दर व मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ साठीच्या, म्हणजे प्राप्तिकर कायदा १९६१ नुसारच्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होत असल्याने त्यापुढील वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदलतात. मात्र जिंकलेल्या रकमेवर सपाट दराने कर आकारायचा आणि त्यातून काहीही वजा होऊ द्यायचे नाही, हे सूत्र तेच राहते.

१. लॉटरीत किंवा खेळात जिंकलेली रक्कम किती रुपयांपर्यंत करमुक्त असते?

पहिल्या रुपयापासून ती करपात्र असते. जुन्या पिढीतील अनेकांना ‘पाच हजारांपर्यंत कर नाही’ असे आठवते. तशी तरतूद एकेकाळी होती, पण ती केव्हाच रद्द झाली. दुसरा गैरसमज भेटवस्तूंच्या नियमातून येतो. वर्षभरात ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटी करमुक्त असतात हे खरे, परंतु सोडतीत लागलेले बक्षीस ही भेट नव्हे. कायद्याने ‘लॉटरी’ या शब्दाची व्याप्ती वाढवून चिठ्ठ्या टाकून किंवा निव्वळ योगायोगाने दिलेल्या बक्षिसांना तीत घेतले आहे आणि ‘खेळ’ या शब्दात दूरचित्रवाणीवरील स्पर्धात्मक कार्यक्रमही घेतले आहेत. त्यामुळे राज्य लॉटरीचे तिकीट, दिवाळीच्या खरेदीवर मिळालेले लकी कूपन, हाउजीचे फुल हाउस आणि प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमातील बक्षीस ही सगळी एकाच माळेत येतात.

२. कर किती टक्के लागतो? माझ्या पगाराच्या स्लॅबप्रमाणे की वेगळा?

वेगळा लागतो. कलम ११५बीबी नुसार लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यतींसह सर्व शर्यती, पत्ते, इतर खेळ, जुगार आणि पैज यांतून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के सपाट कर आहे. त्या करावर ४ टक्के उपकर लागत असल्याने प्रत्यक्ष भार ३१.२ टक्के होतो. एकूण उत्पन्न ५० लाख रुपयांच्या वर गेल्यास अधिभारही लागतो. तुमचे उरलेले उत्पन्न ५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असो वा मुळीच नसो, जिंकलेल्या रकमेचा दर बदलत नाही. मूळ करमुक्त मर्यादा या रकमेला लागू होत नाही आणि ८०सी सारख्या वजावटीही हिच्यातून घेता येत नाहीत. ऑनलाइन खेळांसाठी ११५बीबीजे हे निराळे कलम आहे. दर तोच आहे, पण रक्कम मोजण्याची पद्धत वेगळी आहे. ती प्रश्न १० मध्ये पाहावी.

३. मी वर्षभरात एक लाख जिंकलो आणि दीड लाख हरलो. म्हणजे मला पन्नास हजारांचा तोटाच झाला. तरी कर का?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि उत्तर ऐकून सर्वाधिक संताप आणणारा हा प्रश्न आहे. कर एक लाखावर लागेल, म्हणजे ३१,२०० रुपये. हरलेले दीड लाख कायद्याच्या हिशेबात कुठेच येत नाहीत.

कारण असे की, कलम ५८(४) जिंकलेल्या रकमेतून कोणताही खर्च अथवा भत्ता वजा करण्यास स्पष्ट मनाई करते. मंगळवारी हरलेली पैज शनिवारी जिंकलेल्या पैजेतून वजा होत नाही. लॉटरीतील तोटा रेसमधील कमाईतून वजा होत नाही. पगार, घरभाडे किंवा धंद्याच्या उत्पन्नातूनही तो वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढूनही नेता येत नाही. जिंकणे हे उत्पन्न, हरणे हा खासगी खर्च, अशी ही विभागणी आहे. हॉटेलात जेवायला घातलेल्या पैशांची वजावट जशी कोणी मागत नाही, तशीच हरलेल्या पैशांची मागता येत नाही, असा त्यामागचा विचार दिसतो.

तो न्याय्य आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या मते नाही. वर्षभर खेळून प्रत्यक्षात गरीब झालेल्या माणसाकडून उत्पन्नाच्या नावाखाली कर घेणे खटकते. परंतु विवरणपत्र भरताना कायदा जसा आहे तसाच धरावा लागतो. काही जण जिंकण्या-हरण्याची वजाबाकी घरीच करून उरलेला आकडा विवरणपत्रात लिहितात. त्यांचा आकडा वार्षिक माहिती विवरणातील म्हणजे एआयएसमधील आकड्याशी जुळत नाही आणि नोटीस येते. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, ते प्रश्न १० आणि प्रश्न १४ मध्ये दिले आहेत.

४. तिकिटांचा खर्च, गोव्याला जाण्यायेण्याचा आणि कॅसिनोच्या प्रवेशाचा खर्च तरी वजा होतो ना?

होत नाही. कारण प्रश्न ३ मध्ये दिले आहे. मांडवीतील जहाजावर घेतलेल्या प्रवेशपासाची पावती जपून ठेवली तरी तिचा येथे उपयोग नाही. न लागलेली शंभर तिकिटे फाइलला लावून आणणाऱ्यांनाही हेच उत्तर द्यावे लागते.

५. मला आठ हजारांचे बक्षीस लागले आणि कर कापला गेला नाही. म्हणजे ते करमुक्त आहे का?

नाही. दहा हजारांची मर्यादा कराची नसून बक्षीस देणाऱ्याने उद्गमस्थानी कर कापण्याची, म्हणजे टीडीएसची आहे. कलम १९४बी नुसार लॉटरी व खेळांच्या आणि १९४बीबी नुसार घोड्यांच्या शर्यतींच्या जिंकीवर १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम देताना ३० टक्के कापावे लागतात. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एकेका व्यवहारासाठी मोजली जाते. त्याआधीच्या दोन वर्षांत ती वर्षभरातील एकूण रकमेवर मोजली जात असे. त्यामुळे आता कोणी वर्षात पाच वेळा आठ-आठ हजार जिंकले, तर एकदाही कर कापला जाणार नाही, पण ४०,००० रुपये विवरणपत्रात दाखवून त्यावर १२,४८० रुपये कर स्वतः भरावा लागेल. ऑनलाइन खेळांसाठी दहा हजारांची मर्यादा मुळातच नाही.

६. तीस टक्के कापूनच पैसे हातात आले. आता माझी जबाबदारी संपली ना?

बहुतेक वेळा संपत नाही. निवासी व्यक्तीचा टीडीएस नुसता ३० टक्के असतो, त्यात उपकर आणि अधिभार धरलेला नसतो. एक लाखाच्या बक्षिसावर ३०,००० कापले जातात आणि कर होतो ३१,२००. म्हणजे १,२०० रुपये तुम्हाला भरायचे राहतात.

रक्कम मोठी असेल तर ही तफावत चटका लावते. समजा, सिडकोतील एका गृहस्थांना राज्य लॉटरीच्या बंपर सोडतीत ८० लाख लागले आणि त्यांचे दुसरे उत्पन्न नाही. टीडीएस २४ लाख कापला गेला. कर २४ लाख, त्यावर १० टक्के अधिभार २ लाख ४० हजार आणि या २६ लाख ४० हजारांवर ४ टक्के उपकर १ लाख ५ हजार ६०० असे मिळून २७,४५,६०० रुपये होतात. म्हणजे ३,४५,६०० रुपये अजून द्यायचे आहेत. हातात आलेल्या ५६ लाखांतून ते बाजूला काढून न ठेवता घराचा व्यवहार पक्का करणाऱ्यांची जुलै महिन्यात धांदल उडते.

टीडीएस वजा जाता देय कर दहा हजार किंवा त्याहून जास्त असेल तर तो अग्रिम कर म्हणून भरावा लागतो. लॉटरी कधी लागेल हे कोणालाच आधी ठाऊक नसते हे कायदा मान्य करतो. त्यामुळे बक्षीस लागण्यापूर्वीच्या हप्त्यांबद्दल कलम २३४सी चे, म्हणजे हप्ता चुकल्याचे, व्याज लागत नाही, मात्र त्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत तो कर भरलेला असला पाहिजे. नोव्हेंबरात बक्षीस लागले तर १५ डिसेंबर आणि १५ मार्चचे हप्ते, आणि १५ मार्चनंतर लागले तर ३१ मार्चपर्यंतची मुदत मिळते. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षे व त्यावरील निवासी व्यक्तींना अग्रिम कर लागू नाही.

७. मी गृहिणी आहे, दुसरे काहीच उत्पन्न नाही. ४०,००० च्या बक्षिसातून १२,००० कापले. बारा लाखांपर्यंत कर नाही असे सांगतात, मग हे परत मिळतील का?

मिळू शकतात, पण बारा लाखांच्या सवलतीमुळे नव्हे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची जी सवलत मिळते, ती केवळ स्लॅबप्रमाणे लागणाऱ्या करापुरती आहे. विशेष दराच्या उत्पन्नाला ती मिळणार नाही, हे २०२५ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केले आहे. नव्या प्रणालीत तुमचा कर १२,४८० रुपयेच राहतो, म्हणजे उलट ४८० रुपये भरावे लागतील.

जुन्या प्रणालीत मात्र एकूण उत्पन्न ५ लाखांपेक्षा जास्त नसलेल्या निवासी व्यक्तीला १२,५०० रुपयांपर्यंत सवलत आहे आणि तीतून लॉटरीवरील कर वगळलेला नाही. तुम्ही जुनी प्रणाली निवडल्यास १२,००० रुपयांचा कर सवलतीत जिरतो आणि कापलेली पूर्ण रक्कम परताव्याच्या रूपाने येते. अट एकच आहे, विवरणपत्र मुदतीत भरले पाहिजे. मुदत उलटली की जुनी प्रणाली निवडता येत नाही. लहान बक्षीस लागलेल्या अनेक गृहिणींना आणि विद्यार्थ्यांना हे कोणी सांगतच नाही आणि हक्काचा परतावा बुडतो.

काही जण बक्षीस घेताना १५जी किंवा १५एच फॉर्म देऊन कपात टाळता येईल का, असेही विचारतात. ते फॉर्म बँकेच्या व्याजासारख्या उत्पन्नांसाठी आहेत. लॉटरी व खेळांच्या जिंकीला ते चालत नाहीत.

८. कोणता आयटीआर फॉर्म भरायचा? मागच्या वर्षी दाखवायचे राहून गेले असेल तर काय?

पगारदार मंडळी सवयीने आयटीआर-१ भरतात आणि तेथेच चूक होते. लॉटरी किंवा शर्यतीतील जिंकी असेल तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ चालत नाहीत. धंद्याचे उत्पन्न नसेल तर आयटीआर-२ आणि असेल तर आयटीआर-३ भरावा. रक्कम ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ या शीर्षाखाली, विशेष दराच्या रकान्यात जाते. आकडा लिहिताना हातात आलेली नव्हे तर कापणीपूर्वीची संपूर्ण रक्कम लिहावी आणि कापलेल्या कराची नोंद फॉर्म २६एएसशी, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्याशी, ताडून पाहावी. बक्षीस घेताना पॅन चुकीचा दिला असेल तर कर कापला जातो, पण तुमच्या खात्यावर तो दिसतच नाही.

उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असले तरी वर्षात एकूण टीडीएस व टीसीएस (विक्रेत्याने वसूल केलेला कर) २५,००० रुपये किंवा अधिक असेल तर विवरणपत्र बंधनकारक आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी हा आकडा ५०,००० आहे. मागील वर्षाचे राहून गेले असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरता येते. २०२५ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली आहे. मात्र उशिराप्रमाणे २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो आणि यातून परतावा मागता येत नाही.

९. दुकानाच्या दिवाळी सोडतीत स्कूटर लागली. दुकानदार म्हणतो, आधी सत्तावीस हजार भरा, मग चावी घ्या. हे फसवणुकीचे लक्षण आहे का?

मागणी कायदेशीर असू शकते, पण पैसे कोठे भरायला सांगितले आहेत ते पाहावे. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल आणि कापायला रोख रक्कम नसेल, तर कर भरला गेल्याची खात्री केल्याशिवाय वस्तू देऊ नये, असे बंधन देणाऱ्यावर आहे. ९०,००० रुपयांच्या स्कूटरवर ३० टक्के म्हणजे २७,००० रुपये होतात, तेव्हा आकडा बरोबर आहे. कर सरकारच्या खात्यात चलनाद्वारे जमा होतो आणि त्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसते. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर ‘टॅक्सचे’ पैसे मागितले जात असतील, किंवा तुम्ही भागच न घेतलेल्या सोडतीत गाडी लागल्याचा फोन आला असेल, तर ती शुद्ध फसवणूक समजावी.

१०. ऑनलाइन खेळांत हरलेले पैसे वजा होतात असे ऐकले. मग प्रश्न ३ चे उत्तर तेथे लागू नाही का?

मर्यादित अर्थाने हरलेले पैसे तेथे मोजले जातात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ऑनलाइन खेळांत ‘निव्वळ जिंकी’वर कर लागतो आणि ती नियम १३३ प्रमाणे मोजतात. वर्षात खात्यातून काढलेली रक्कम आणि वर्षअखेरीची शिल्लक यांची बेरीज करायची व तीतून वर्षात स्वतःच्या खिशातून भरलेली रक्कम आणि वर्षारंभीची शिल्लक वजा करायची. समजा, सुरुवातीची शिल्लक २,००० होती, वर्षात २०,००० भरले, १५,००० काढले आणि ३१ मार्चला १२,००० शिल्लक आहेत. २७,००० मधून २२,००० गेले, निव्वळ जिंकी ५,००० रुपये झाली. मधल्या काळात किती डाव हरले आणि किती जिंकले याची वेगळी विचारणा होत नाही. हरलेले पैसे या वजाबाकीत आपोआप सामावतात. कंपनीने दिलेला बोनस मात्र तुम्ही भरलेली रक्कम म्हणून धरला जात नाही.

सवलत एवढीच आहे. एका वर्षातील उणे आकडा पुढच्या वर्षी नेता येत नाही. एका कंपनीकडील तोटा दुसऱ्या कंपनीकडील जिंकीतून किंवा लॉटरीच्या बक्षिसातून वजा करता येत नाही. एकाच कंपनीकडे एकाच व्यक्तीची अनेक खाती असतील तर ती मात्र एकत्र मोजली जातात.

११. पैशांचे ऑनलाइन खेळ तर २०२५ मध्ये बंद झाले. मग त्या वर्षाचा कर कशाला?

ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणाऱ्या कायद्याला ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैसे लावून खेळायचे खेळ कंपन्यांनी थांबवले. परंतु १ एप्रिल २०२५ पासून तोपर्यंत जे जिंकले ते आर्थिक वर्ष २०२५-२६ चे उत्पन्न आहेच. खाते बंद होताना सगळी शिल्लक बँकेत परत आली असेल तर ती सगळी जिंकी नव्हे, प्रश्न १० मधील वजाबाकी करूनच आकडा काढावा. पैसे परत आले पण एकूण भरण्यापेक्षा कमीच आले, तर करपात्र काही उरत नाही. अॅप काढून टाकण्यापूर्वी व्यवहारांचे विवरण उतरवून घेतले नसेल तर निदान बँक खात्याचा उतारा जपावा. हा कायदा पैशांचे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना शिक्षा करतो, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे केवळ भीतीपोटी उत्पन्न लपवण्याचे कारण नाही.

१२. निफाडला माझी द्राक्षबाग आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, दुसरे काही नाही. दोन लाखांची लॉटरी लागली तर?

शेतीचे उत्पन्न करमुक्तच राहील, पण लॉटरी शेतीतून आलेली नाही. तिच्यावर ६०,००० कर आणि २,४०० उपकर मिळून ६२,४०० रुपये होतात. जुनी प्रणाली निवडल्यास प्रश्न ७ मधील १२,५०० ची सवलत मिळून हा आकडा ४९,४०० वर येतो, कारण एकूण उत्पन्न मोजताना करमुक्त शेती उत्पन्न धरले जात नाही. शेती उत्पन्न जोडून कराचा दर वाढवण्याचा जो नियम आहे तो स्लॅबच्या उत्पन्नासाठी आहे, सपाट दराला त्याची झळ लागत नाही. विवरणपत्रात शेती उत्पन्न दाखवावेच. द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून बँकेत आलेले पैसे आणि लॉटरीचे पैसे वेगळे ओळखू येणे पुढे चौकशीच्या वेळी तुमच्याच कामी येते.

१३. भिशीची चिठ्ठी माझ्या नावाने निघाली. ही लॉटरी झाली का? आणि चौघांनी मिळून घेतलेल्या तिकिटाचे काय?

साध्या भिशीत प्रत्येक सभासद सर्व हप्ते भरतो आणि प्रत्येकाला एकदा तेवढीच रक्कम मिळते. चिठ्ठीने ठरते ते फक्त कोणाचा क्रम आधी आणि कोणाचा नंतर. स्वतःचेच पैसे स्वतःला मिळत असल्याने ती जिंकी नाही. ज्या योजनेत चिठ्ठी लागलेल्याचे पुढचे हप्ते माफ होतात, तेथे भरलेल्या पैशांपेक्षा जे जास्त मिळाले ते सोडतीचे बक्षीसच ठरते, नाव भिशी असले तरी.

भागीत घेतलेल्या तिकिटात कर ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर लागतो, पण हिस्से सोडतीपूर्वी ठरलेले होते हे सिद्ध करता आले पाहिजे. प्रेसमधील सहकारी असोत वा गल्लीतील मित्र, तिकिटाची छायाप्रत, प्रत्येकाचे नाव व हिस्सा आणि सोडतीआधीची तारीख असलेला साधा कागद किंवा ग्रुपवरील संदेशही उपयोगी पडतो. पैसे देणाऱ्याकडे निवेदन देऊन टीडीएसही हिश्श्याप्रमाणे विभागून नोंदवून घेता येतो. बक्षीस लागल्यावर ‘अर्धे बायकोचे’ असे ठरवले तर कर तुमच्यावरच राहतो. ती पत्नीला दिलेली भेट ठरते आणि त्या पैशांवर तिला मिळणारे व्याजही तुमच्याच उत्पन्नात मिळवले जाते. अल्पवयीन मुलाच्या नावाने तिकीट घेतल्यानेही काही साधत नाही. मुलाने स्वतःच्या कौशल्याने कमावलेले उत्पन्न सोडले तर बाकीचे आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात जाते. लॉटरीत कौशल्य नसते.

१४. आमचे बैल शर्यतीत धावतात. एकदा मोटारसायकल जिंकली. बैलांच्या खुराकाचा खर्च वजा होईल का?

बैलगाडा शर्यतींना मुभा देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवल्यापासून हा प्रश्न दिंडोरी, सिन्नर भागातून वाढला आहे. कलम ११५बीबी मध्ये ‘घोड्यांच्या शर्यतींसह शर्यती’ असे शब्द आहेत, केवळ घोड्यांच्या असे नाहीत. १९९३ मध्ये जी. आर. कार्तिकेयन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोटार रॅलीत कौशल्याने मिळवलेले बक्षीससुद्धा उत्पन्न ठरवले होते. तेव्हा मोटारसायकलची किंमत उत्पन्नात धरावी आणि सपाट दराचा कर गृहीत धरूनच चालावे, असे आमचे मत आहे. वस्तू ताब्यात घेण्याबाबत प्रश्न ९ पाहावा.

खर्चाचा अपवाद कायद्याने फक्त शर्यतीचे घोडे स्वतः बाळगणाऱ्या मालकाला दिला आहे. त्याला घोड्यांच्या संगोपनाचा खर्च वजा करता येतो आणि तोटा झाल्यास कलम ७४ए नुसार चार वर्षे पुढे नेऊन त्याच प्रकारच्या उत्पन्नातून वळता करता येतो. बैलांचा उल्लेख तेथे नाही. घोड्यावर नुसती पैज लावणाऱ्यालाही हा अपवाद मिळत नाही.

१५. शेअर बाजारातील एफ अँड ओचा (फ्युचर्स आणि ऑप्शन्स या वायदे व्यवहारांचा) तोटा हा जुगाराचा तोटा समजतात का?

नाही. मान्यताप्राप्त बाजारातील एफ अँड ओ हे धंद्याचे उत्पन्न आहे, त्याचा तोटा पगार वगळता इतर उत्पन्नातून वजा होतो आणि पुढेही नेता येतो. इंट्राडेचा, म्हणजे एकाच दिवशी शेअर घेऊन विकण्याचा, तोटा सट्टा व्यवसायाचा असतो, तो चार वर्षे सट्टा व्यवसायाच्या नफ्यातूनच वजा होतो. यांपैकी कोणताही तोटा लॉटरीच्या बक्षिसातून वजा होत नाही.

१६. अमेरिकेत राहणारा मुलगा म्हणतो, तिकडे हरलेली रक्कम वजा होते. आम्ही त्याच्याकडे गेलो असताना कॅसिनोत जिंकलो. कोणता नियम लागेल?

मुलगा म्हणतो ते त्याच्यापुरते बरोबर आहे. अमेरिकेत तेथील करदात्याला हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेत वजा करता येते. २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंतच ती वजावट ठेवली आहे. ब्रिटनमध्ये तर हौशी खेळणाऱ्याच्या जिंकीवर प्राप्तिकरच नाही. पण तुम्ही भारतातील सर्वसाधारण निवासी असाल तर जगात कोठेही झालेले उत्पन्न येथे करपात्र आहे आणि त्याला आपलेच नियम लागतात. लास व्हेगासमध्ये जिंकलेले डॉलर रुपयांत रूपांतरित करून, हरलेले वजा न करता, विवरणपत्रात दाखवावेत. तेथे कर कापला गेला असेल तर त्याचा पुरावा आणावा आणि फॉर्म ६७ भरून त्या कराचे श्रेय मागावे.

१७. दिवाळीत घरी पत्त्यांत जिंकलेले आणि मटक्यात लागलेले पैसेही दाखवायचे का? ते तर बेकायदा आहे.

प्राप्तिकर कायदा उत्पन्न कायदेशीर आहे की नाही हे विचारत नाही. कलमाचे शब्द ‘कोणत्याही स्वरूपाचा जुगार किंवा पैज’ असे आहेत. त्यामुळे कर लागतो आणि कर भरल्याने मटका कायदेशीर होत नाही. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखालील कारवाई स्वतंत्रपणे होऊ शकते. रोखीचा आणखी एक मुद्दा लक्षात ठेवावा. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास कलम २६९एसटी चा भंग होतो आणि घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. पाडव्याच्या रात्री पत्त्यांच्या डावात घेतलेली रोखही याला अपवाद नाही.

१८. घरात काही रोख आहे, तिचा हिशेब नाही. ‘रेसमध्ये जिंकलो’ असे दाखवून ३१.२ टक्के भरले तर चालेल का?

चालत नाही, आणि हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहावे. स्पष्टीकरण न देता आलेल्या रोख रकमेवर आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत कलम ११५बीबीई नुसार ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि उपकर मिळून ७८ टक्के लागतात. त्याच्या तुलनेत ३१.२ टक्के स्वस्त वाटल्याने ही पळवाट सुचते. पण जिंकल्याचा पुरावा करदात्यानेच द्यायचा असतो आणि तो वरवर दिसण्यापुरता असून भागत नाही.

सुमती दयाल यांच्या प्रकरणात नेमके हेच घडले. बंगळूर, मद्रास आणि हैदराबाद येथील शर्यतींत वारंवार जॅकपॉट लागल्याचा त्यांचा दावा होता आणि टर्फ क्लबची कागदपत्रेही त्यांच्याकडे होती. तरीही १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानवी व्यवहारातील शक्यता लक्षात घेऊन ती कथा स्वीकारली नाही. शर्यत झाल्यानंतर जिंकलेली तिकिटे विकत घेण्यात आली, हाच निष्कर्ष न्यायालयाला पटला. आज तर रेसकोर्सवरील दहा हजारांपुढच्या प्रत्येक जिंकीवर टीडीएस कापून तो पॅनवर नोंदला जातो. तुमच्या २६एएसमध्ये तशी नोंद नसेल, तर लाखोंची रेस जिंकल्याचे सांगणे अधिकाऱ्याला पुढचे प्रश्न सुचवण्यासारखे आहे.